अझुरिनचं पीक आज दिसतं, उद्या गायब होतं: आधी इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग तपासा

तक्रार नेहमीची आहे. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर थायॉलचा (सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचा) थर चढवला, त्यावर अझुरिन हे तांब्याचं प्रथिन बसवलं आणि सीव्हीत (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे पोटेन्शियल पुढे-मागे फिरवून प्रवाह मोजणं) दोन्ही बाजूंना सुरेख पीक्स आली. पुढच्या इलेक्ट्रोडवर हीच कृती केली तर सपाट रेघ. त्यापुढच्यावर काहीतरी दिसतं, पण ते पसरट आणि चाळीस-पन्नास मिलीव्होल्ट सरकलेलं. मग घाईघाईत प्रथिनाची नवी बॅच येते, बफर बदलतो, स्कॅनचा वेग बदलतो. शेवटी पीक परत आलंच तरी ते कशामुळे आलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

तांब्याच्या प्रथिनांबाबत एक गोष्ट धरून चाला. पीक कोणत्या पोटेन्शियलला येणार, हे मुख्यतः तांब्याभोवतीचे लिगँड (त्याला धरून ठेवणारे गट) ठरवतात. पीक किती उंच, किती रुंद आणि ऑक्सिडेशन-रिडक्शनच्या पीक्समध्ये अंतर किती, हे बहुतांशी पृष्ठभाग ठरवतो. म्हणून काहीही बदलण्याआधी आलेल्या आलेखाचा आकार नीट वाचा. जागा बरोबर आणि आकार बिघडलेला असेल, तर प्रथिनाला दोष देऊ नका.

पीक मुळात केवढं असायला हवं?

‘पीक दिसत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हा हिशोब केलेलाच नसतो. अझुरिन साधारण १४ किलोडाल्टनचं छोटं प्रथिन. एका रेणूने पृष्ठभागावर अंदाजे १० चौरस नॅनोमीटर जागा व्यापली असं धरलं, तर गच्च भरलेल्या एका थरात दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम १६ पिकोमोल प्रथिन मावतं. प्रत्यक्षात १० मिळाले तरी चांगलं म्हणायचं. आता २ मिलिमीटर व्यासाची चकती घ्या. तिचं क्षेत्रफळ ०.०३१ चौरस सेंटीमीटर. सेकंदाला १०० मिलीव्होल्ट वेगाने स्कॅन केलं तर एका इलेक्ट्रॉनच्या आदर्श पीकची उंची ३० नॅनोअँपिअरच्या आसपास येते. मायक्रोअँपिअर नाही, नॅनोअँपिअर.

याच्या शेजारी कपॅसिटिव्ह प्रवाह, म्हणजे प्रथिन नसतानाही नुसता पृष्ठभाग भारित होताना वाहणारा प्रवाह, ठेवून बघा. उघड्या सोन्याचा कपॅसिटन्स दर चौरस सेंटीमीटरला २० मायक्रोफॅरड धरला तर त्याच वेगाला पार्श्वभूमीच ६० नॅनोअँपिअरच्या पुढे जाते. ऑक्टेनथायॉलचा नीट बसलेला थर असेल तर कपॅसिटन्स दोनच्या आसपास उतरतो आणि पार्श्वभूमी सहा नॅनोअँपिअरवर येते. म्हणजे थर चांगला असेल तर पीक पार्श्वभूमीच्या पाचपट, थर नसेल किंवा फाटका असेल तर तिच्या निम्मं. प्रथिन दोन्हीकडे तेवढंच आहे. ‘प्रथिन बसलंच नाही’ हा निष्कर्ष काढण्याआधी उपकरणाची करंट रेंज कुठे ठेवली होती ते बघा.

स्कॅनचा वेग वाढवून पीक ‘मोठं’ करायचा मोह होतो. पृष्ठभागावर बसलेल्या प्रथिनाचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो हे खरं, पण कपॅसिटिव्ह प्रवाहही त्याच प्रमाणात वाढतो. गुणोत्तर तिथेच राहतं. वेग वाढवायचा तो पीक्समधलं अंतर कसं बदलतं हे पाहण्यासाठी, पीक शोधण्यासाठी नव्हे.

आणखी एक छुपा चोर पोटेन्शिओस्टॅटमध्ये, म्हणजे पोटेन्शियल लावून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणात असतो. बहुतेक डिजिटल उपकरणं पोटेन्शियल सरळ रेषेत न चढवता पायऱ्यापायऱ्यांनी चढवतात आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी प्रवाह मोजतात. पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूचा प्रवाह पायरी बदलताक्षणी उसळतो आणि मोजणीची वेळ येईपर्यंत ओसरतो. कपॅसिटिव्ह प्रवाहाचंही तेच होतं, त्यामुळे आलेख दिसायला अगदी स्वच्छ असतो, फक्त त्यात पीक नसतं. उपकरणात खरा अ‍ॅनालॉग रॅम्प असेल तर तो वापरा. नसेल तर पायरी लहान करा आणि संपूर्ण पायरीवरच्या प्रवाहाची सरासरी घेणारा पर्याय निवडा.

प्रथिन घालण्याआधीच्या चाचण्या

सोनं स्वच्छ आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. पॉलिश केल्यावर अ‍ॅल्युमिनाचे कण खरवडींत अडकून बसतात, म्हणून सोनिकेशन (ध्वनिलहरींनी धुणं) टाळू नका. मग ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात सीव्ही घ्या आणि सोन्याच्या ऑक्साइडचं रिडक्शन पीक मोजा. दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३९० मायक्रोकुलोंब हा रूढ आकडा आहे. त्यावरून खरं क्षेत्रफळ काढा आणि भौमितिक क्षेत्रफळाने भागा. एका इलेक्ट्रोडचा खडबडीतपणा १.२ आणि दुसऱ्याचा २.५ असेल तर दोघांवर सारखं पीक येणार नाही, आणि त्यात प्रथिनाचा काही संबंध नाही. या आम्लात रेफरन्स म्हणून ठेवलेल्या सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडमधून क्लोराइड झिरपत असेल तर सोनं विरघळायला लागतं आणि प्रत्येक सायकलला आलेख बदलत राहतो.

थर चढवल्यावर नुसत्या बफरमध्ये एक सीव्ही घ्या आणि ती जपून ठेवा. ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे आणि सर्वांत जास्त वेळा वगळली जाणारीही. कपॅसिटन्स अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर थर विरळ आहे. कारणं ठरलेली असतात: थायॉलची बाटली जुनी होऊन त्यातलं बरंच थायॉल डायसल्फाइड झालेलं असणं, इथेनॉलमध्ये रात्रभर ठेवण्याऐवजी तासा-दोन तासांत इलेक्ट्रोड काढणं, किंवा सोनं मुळातच अस्वच्छ असणं. शंका राहिलीच तर ०.५ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये थर रिडक्शनने उतरवा. पूर्ण भरलेल्या थराचा भार खऱ्या क्षेत्रफळाच्या दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७५ मायक्रोकुलोंब येतो. अर्थात ही चाचणी इलेक्ट्रोडचा बळी घेते, त्यामुळे जोडीला बनवलेल्या दुसऱ्या इलेक्ट्रोडवर करा.

फेरिसायनाइडची चाचणी सगळेच करतात, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास नको. मिथाइल टोकाच्या थरावर ती ठीक आहे. कार्बोक्झिलेट टोकाच्या थरावर मात्र उदासीन पीएचला पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि फेरिसायनाइडही ऋणभारित. थराला भोकं असली तरी आयन दूरच ढकलला जातो आणि थर अभेद्य असल्यासारखा दिसतो. अशा ठिकाणी धनभारित हेक्साअमीन रुथेनियम वापरलं तर भोकं उघडी पडतात.

प्रथिनाची कोणती बाजू इलेक्ट्रोडकडे आहे?

खरी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या अझुरिनमध्ये १२८ अमिनो आम्लं असतात. तांबं एका टोकाशी, हिस्टिडीन-११७ च्या (साखळीतल्या ११७ व्या अमिनो आम्लाच्या) मागे, पृष्ठभागाखाली फार खोल नाही. या हिस्टिडीनभोवती पाण्याला नकार देणाऱ्या अमिनो आम्लांचा एक पट्टा आहे आणि इलेक्ट्रॉनची ये-जा सोयीने इथूनच होते. प्रथिनाच्या जवळजवळ विरुद्ध टोकाला सिस्टीन-३ आणि सिस्टीन-२६ यांचा डायसल्फाइड बंध आहे. तांब्यापासून त्याचं अंतर सुमारे २६ अँगस्ट्रॉम.

उघड्या सोन्यावर अझुरिन ठेवलं की सोनं गंधकाला ओढतं, डायसल्फाइडचं टोक चिकटतं आणि तांबं वर राहतं. दाराकडे पाठ करून बसलेल्या माणसाशी बोलायचा प्रयत्न करावा, तशी अवस्था. प्रथिन भरपूर बसलेलं असतं, घट्ट बसलेलं असतं, तरी इलेक्ट्रॉनचा वेग मंद असतो आणि दोन्ही पीक्स एकमेकांपासून दूर सरकतात. याउलट मिथाइल टोकाचा अल्केनथायॉल थर दिला तर पाण्याला नकार देणारा तोच पट्टा थराला चिकटतो आणि हिस्टिडीन-११७ इलेक्ट्रोडसमोर येतो. सोनं आणि तांबं यांच्यामध्ये मुद्दाम एक इन्सुलेटर घालूनही इलेक्ट्रॉन जास्त वेगाने जातो तो यामुळेच.

मग साखळीची लांबी किती ठेवायची? लांब साखळ्यांमध्ये दर एका मिथिलीन गटामागे वेग साधारण २.७ पटींनी घटतो. चार गट वाढवले तर पन्नासपटीहून अधिक घट. यावरून ‘साखळी जितकी आखूड तितकं चांगलं’ असं वाटतं आणि इथेच लोक फसतात. साखळी आखूड करत गेल्यावर एका टप्प्यानंतर वेग वाढायचा थांबतो, कारण तेव्हा टनेलिंग (इलेक्ट्रॉनने थर आरपार ओलांडणं) हा अडथळा उरत नाही. प्रथिन आणि थर यांच्या सांध्यावर जे काही हलतं, त्याचा वेग मर्यादा घालू लागतो. शिवाय ब्युटेनथायॉलसारखे थर विस्कळित आणि गळके असतात, पार्श्वभूमी वाढते. अझुरिनसाठी मी ऑक्टेनथायॉलपासूनच सुरुवात करेन. फार लांब साखळी फक्त वेगाचा अभ्यास करायचा असेल तेव्हा.

आता प्लास्टोसायनिन हे तांब्याचं दुसरं प्रथिन कार्बोक्झिलेट टोकाच्या थरावर बसवा आणि निराशा पदरी घ्या. हिरव्या वनस्पतींच्या प्लास्टोसायनिनवर आम्लधर्मी अमिनो आम्लांचा मोठा ऋणभारित पट्टा असतो. कार्बोक्झिलेट थर किंवा एज-प्लेन ग्राफाइटचा ऑक्सिजनयुक्त पृष्ठभाग, दोन्ही त्याला दूर लोटतात. इलाज दोन. एक तर अमीन टोकाचा थर वापरा. नाहीतर बफरमध्ये धनभारित मध्यस्थ घाला: मॅग्नेशियम आयन, पॉलिलायसिन, किंवा प्रथिन इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत जुनी ओळख असलेली निओमायसिन आणि पॉलिमिक्सिन. मात्र ‘प्लास्टोसायनिन म्हणजे ऋणभारित’ असं पाठ करू नका. काही सायनोबॅक्टेरियांचं प्लास्टोसायनिन आम्लारीधर्मी असतं, त्याला नेमकी उलटी वागणूक लागते. प्रथिनाची रचना उघडून तांब्याजवळच्या टोकाचा भार आणि पट्टे बघायला दहा मिनिटं लागतात.

विद्युतभाराच्या जोरावर प्रथिन बसवत असाल तर मिठाकडे लक्ष हवं. ५ ते १० मिलिमोलर बफरमध्ये प्रथिन सुंदर बसतं, मग सवयीने कुणीतरी १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड असलेल्या बफरने इलेक्ट्रोड धुतो आणि निम्मं प्रथिन सिंकमध्ये जातं. पाण्याला नकार देण्याच्या जोरावर बसलेल्या अझुरिनला तेवढ्या मिठाने फारसं काही होत नाही. हा फरक निदानाला उपयोगी आहे: मीठ वाढवल्यावर पीक उतरलं तर प्रथिन भाराने बांधलेलं होतं.

पीएचचीही एक गंमत आहे. मर्कॅप्टोअनडेकॅनॉइक आम्लासारख्या थरातले कार्बोक्झिल गट एकमेकांना इतके खेटून असतात की सगळ्यांनी प्रोटॉन सोडणं त्यांना जड जातं. द्रावणात असं आम्ल पीएच ५ च्या आसपास निम्मं आयनित होतं, थरात त्यासाठी बराच वरचा पीएच लागतो. त्यामुळे पीएच ५ च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये तुमचा ‘ऋणभारित’ पृष्ठभाग बहुतांशी उदासीन असतो.

पीक आहे, पण जागा चुकलेली

आधी रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजतो तो. संतृप्त पोटॅशियम क्लोराइडमधला सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या १९७ मिलीव्होल्ट वर असतो, ३ मोलरमधला सुमारे २१०, कॅलोमेल सुमारे २४०. यांची सरमिसळ झाली की चाळीस मिलीव्होल्टचं ‘संशोधन’ तयार होतं. अझुरिन पीएच ७ ला प्रमाण हायड्रोजनच्या तुलनेत ३०० मिलीव्होल्टच्या थोडं वर, म्हणजे सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत १०० च्या आसपास दिसायला हवं. प्लास्टोसायनिन प्रमाण हायड्रोजनच्या तुलनेत ३७० च्या आसपास. त्याच जातीचं तांब्याचं प्रथिन स्टेलासायनिन १८० च्या आसपास, कारण त्यात मेथिओनीनच्या जागी ग्लुटामाइन लिगँड आहे. रस्टिसायनिन हे आणखी एक तर ६८० च्या घरात.

रेफरन्स बरोबर निघाला तर पीएच बघा. अझुरिनचं पोटेन्शियल पीएच ५ ते ९ मध्ये काही दहा मिलीव्होल्ट खाली येतं. हिस्टिडीन-३५ आणि हिस्टिडीन-८३ यांचे प्रोटॉन त्याला कारणीभूत आहेत. प्लास्टोसायनिन आणि अ‍ॅमिसायनिनमध्ये आम्लधर्मी बाजूला प्रकार वेगळा आहे. तिथे क्षपित अवस्थेत तांब्याचा एक हिस्टिडीन लिगँडच प्रोटॉन घेऊन सुटतो, पोटेन्शियल वर चढतं आणि इलेक्ट्रॉनचा वेग मंदावतो. हा बिघाड नाही, प्रथिनाचा स्वभाव आहे.

दोन्ही ठीक असतील तरच थराकडे वळा. ऋणभारित थर दोन धनभारांचं तांबं स्थिर करतो, त्यामुळे पोटेन्शियल थोडं खाली येऊ शकतं. हा परिणाम मर्यादित असतो. सरकणं शंभर-दीडशे मिलीव्होल्टचं असेल तर थराला नव्हे, प्रथिन उलगडल्याच्या शक्यतेला हात घाला.

पीक फारच छान आहे, म्हणजे शंका घ्या

कार्बोक्झिलेट थरावरचं ठळक, स्थिर, रोज येणारं पीक नेहमी प्रथिनाचंच असतं असं नाही. प्रथिनातून सुटलेलं तांबं कार्बोक्झिलेट गटांना बिलगतं आणि स्वतःची पीक्स देतं. थराला भोकं असतील तर तांबं सोन्यावर जमा होऊन परत निघतानाचं पीकही याच पट्ट्यात येतं. जागा इतकी जवळ की फसायला वेळ लागत नाही. भारावरून संशय येतो: काढलेला भार गच्च थराच्या १६ पिकोमोलपेक्षा बराच जास्त असेल तर ते प्रथिन नाही.

खात्री करायला तसाच थर काही मायक्रोमोलर कॉपर सल्फेटमध्ये बुडवा, धुवा आणि स्कॅन करा. पीक तिथेच आलं तर प्रथिनाच्या इलेक्ट्रोडला ईडीटीएने (धातूचे आयन पकडणाऱ्या रसायनाने) झटपट धुऊन परत बघा. अझुरिन आपलं तांबं घट्ट धरून असतं, त्यामुळे थोडक्या धुण्याने त्याचं पीक टिकतं आणि मोकळ्या तांब्याचं जातं. याहून भक्कम कंट्रोल म्हणजे जस्ताचं अझुरिन: प्रथिन तेच, घडी तीच, पण या पट्ट्यात रेडॉक्स काही नाही. त्याच्यावर पीक आलं तर वाद संपला.

जस्ताचा विषय निघालाच आहे तर, ई. कोलायमध्ये बनवलेल्या अझुरिनमध्ये जस्ताचा हिस्सा आपोआप येतो आणि नंतर तांबं घालून तो सहज निघत नाही. आयन एक्स्चेंजने वेगळा करावा लागतो. असं मिश्रण पृष्ठभागावर जागा अडवतं आणि पीक बुटकं राहतं. ६२८ आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर ०.५ च्या वर नसेल तर इलेक्ट्रोडला हात लावण्याआधी प्रथिन शुद्ध करा. प्रथिनावर खरोखर संशय घ्यावा अशी ही मोजक्या जागांपैकी एक.

पसरट पीक, उतरत जाणारं पीक

पृष्ठभागावरच्या एका इलेक्ट्रॉनच्या आदर्श पीकची निम्म्या उंचीवरची रुंदी २५ अंश सेल्सिअसला ९१ मिलीव्होल्टच्या आसपास असते. शंभर-एकशे दहा चालतं. एकशे चाळीसच्या पुढे गेलं की प्रथिनं वेगवेगळ्या तोंडांनी आणि वेगवेगळ्या परिसरात बसलेली आहेत असं समजा. कार्बोक्झिलेट थरात मर्कॅप्टोहेक्सॅनॉलसारखं हायड्रॉक्सिल टोकाचं थायॉल मिसळून भार विरळ केला की पुष्कळदा रुंदी कमी होते. वेगाच्या तुलनेत पीकची उंची मांडा: सरळ रेषेत वाढली तर प्रथिन बसलेलं आहे, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढली तर तुम्ही द्रावणातलं प्रथिन मोजताय.

पीक प्रत्येक स्कॅनला उतरत असेल तर दोन इलेक्ट्रोड एकदम बनवा. एक स्कॅन करत राहा, दुसरा तेवढाच वेळ बफरमध्ये नुसता ठेवा, मग एकदा स्कॅन करा. दोन्ही सारखेच उतरले तर प्रथिन धुऊन जातंय. फक्त पहिला उतरला तर स्कॅनच त्याला मारतोय. बहुतेकदा पोटेन्शियलची मर्यादा उगाच खाली नेलेली असते. सोनं ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि ते प्रथिनाला खातं. अझुरिनसाठी सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत उणे ०.२ ते अधिक ०.४ व्होल्ट एवढी खिडकी पुरते. आर्गॉन सोडा आणि त्या खिडकीबाहेर जाऊ नका, कारण फार वर गेलं तर थायॉलचा थरही ऑक्सिडेशनने निघायला लागतो.

लॅकेस आणि बिलिरुबिन ऑक्सिडेजवाल्यांसाठी

ही ऑक्सिजनचं पाणी करणारी तांब्याची एन्झाइम्स. तुमच्याकडे वरची बरीच गणितं लागू पडत नाहीत. इथे ऑक्सिजन काढायचा नसतो, तोच सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) आहे, आणि तांब्याची स्वतःची पीक्स क्वचितच दिसतात. ऑक्सिजन रिडक्शनचा प्रवाह कुठे सुरू होतो ते पाहा. ट्रामेटिस व्हर्सिकलर या बुरशीच्या लॅकेसचं पहिल्या प्रकारचं तांबं (इलेक्ट्रॉन जिथून आत शिरतो ते) प्रमाण हायड्रोजनच्या तुलनेत ७८० मिलीव्होल्टच्या आसपास असतं. प्रवाह त्याच्या जवळपास सुरू झाला तर इलेक्ट्रॉन योग्य दाराने आत जातोय. तीनशे-चारशे मिलीव्होल्ट खाली सुरू झाला तर एन्झाइम उलटं बसलंय किंवा नुसता कार्बन बोलतोय. लॅकेसच्या या तांब्याशेजारी पाण्याला नकार देणारी सब्स्ट्रेटची खाच असते, म्हणून ग्राफाइटवर डायझोनियम मार्गाने अँथ्रासीन गट बसवले की एन्झाइम नीट तोंड करून बसतं आणि टिकतंही जास्त. मायरोथेशियम व्हेरुकेरिया या बुरशीचं बिलिरुबिन ऑक्सिडेज मात्र कार्बोक्झिलेट पृष्ठभागावर खूश असतं.

आणि लॅकेसचा प्रवाह सकाळी चांगला, दुपारपर्यंत मंद, असं होत असेल तर पृष्ठभागाला लगेच दोष देऊ नका. क्लोराइड लॅकेसला रोखतं, आणि ते रेफरन्स इलेक्ट्रोडच्या टोकातून तासन्‌तास झिरपत असतं. दुहेरी जंक्शनचा इलेक्ट्रोड घ्या आणि बाहेरच्या कप्प्यात क्लोराइडऐवजी सल्फेट भरा. सेलमधला बफर बदलल्यावर प्रवाह लगेच पूर्ववत झाला, तर थर आणि एन्झाइम दोन्ही शाबूत आहेत. नवा इलेक्ट्रोड बनवायची गरज नाही.